पुढचा खून कधी?

झुरळ दिसलं तर केरसुणी शोधण्याच्या निमित्ताने खोलीबाहेर सटकणारा माणूस साखळी-खुनांची कादंबरी हातात घेतली की वेगळाच होतो. पहिला खून पडतो. इन्स्पेक्टर येतात, ठसे उचलतात, शेजाऱ्यांच्या जबान्या घेतात आणि हाती काही लागत नाही. तेव्हा हा सज्जन पान उलटताना स्वतःशी म्हणतो, ‘आणखी एखादा झाल्याशिवाय काही उलगडायचं नाही.’

अगाथा ख्रिस्तीबाई आपल्याला पुरत्या ओळखून होत्या. १९३६च्या ‘द एबीसी मर्डर्स’मध्ये त्यांनी सुरुवातीलाच गुप्तहेर पॉयरॉ आणि त्याचा मित्र हेस्टिंग्जला गप्पांना बसवलंय. विषय असा, की जेवणासारखा गुन्हा मागवता आला असता तर काय मागवलं असतं? हेस्टिंग्जला सगळा थाटमाट हवा: श्रीमंत मयत, लायब्ररी, देखण्या मुली. पॉयरॉला साधंच आवडतं: चौघं ब्रिज खेळताहेत, पाचवा खुर्चीत मेलेला. (बाईंनी ही ऑर्डर नुसती ऐकून सोडली नाही, त्याच वर्षी ‘कार्ड्स ऑन द टेबल’मध्ये पुरीही केली.)

पॉयरॉला खुन्याची पत्रं येतात. जागा आणि तारीख आगाऊ कळवणारा इतका शिस्तीचा खुनी! अँडोव्हरला ॲशर नावाची तंबाखूच्या दुकानातली म्हातारी, बेक्सहिलला बार्नार्ड नावाची कॅफेतली वेट्रेस, चर्स्टनला सर कार्मायकेल क्लार्क. गाव आणि आडनाव एकाच इंग्रजी अक्षराचं, ए, बी, सी अशा ओळीने. प्रत्येक प्रेताजवळ एबीसी रेल्वे गाइड. हे पुस्तक खरंच होतं. १८५३पासून लंडनहून कुठली गाडी कधी सुटते ते स्टेशनांच्या अकारविल्ह्याने सांगायचं. तिसरं पत्र चुकीच्या पत्त्यामुळे रखडतं आणि खुनाच्या दिवशीच पोचतं. वाचक इथे टपालखात्यावर चिडतो. चिडण्याआधी त्याने जरा थांबायला हवं, पण नव्वद वर्षं होत आली तरी या पुस्तकाचं रहस्य फोडायला माझी जीभ रेटत नाही.

आपल्याकडे हा खुनी फार टिकला नसता. कर्जतचे कर्वे, खोपोलीचे खरे, गुहागरचे गुप्ते, घाटकोपरचे घाटे, आणि पुढे? ‘ङ’ने सुरू होणारं गाव नाही, आडनाव तर नाहीच. वर्णमालेनेच त्याला जागच्या जागी रोखलं असतं आणि आमच्या पोलिसांना श्रेय घ्यायला सवड मिळाली असती. खरं तर बाईंचा खुनीही चारावरच थांबतो. सव्वीस अक्षरांची आशा लावून चारात आटोपतं, याची रुखरुख मला तरी लागली होती.

स्कॉटलंड यार्डचा तरुण इन्स्पेक्टर क्रोम पॉयरॉला जुन्या जमान्यातला समजतो. सगळेच तेव्हा धाग्याकडे बघत असतात: पुढचं अक्षर कुठलं, पुढचं गाव कुठलं. मेलेल्या म्हातारीला दारुड्या नवऱ्याने किती छळलं होतं, बार्नार्डचं आपल्या मित्राशी का भांडण होत होतं, हे माळेतले मणी पॉयरॉ एकटा बोटांनी चाचपत बसतो. मी त्या प्रकरणांची पानं भराभर उलटली होती. ‘डी’चं डोंकास्टर यायचं होतं ना!

अखेर ते येतं, ११ सप्टेंबरला. सेंट लेजरच्या घोड्यांच्या शर्यतीचा दिवस, गावात तोबा गर्दी, पोलीस जागोजागी पेरलेले. आणि सिनेमागृहात मरतो कोण, तर अर्ल्सफील्ड नावाचा न्हावी. डी कुठेय? वाचक हादरतो. माणूस मेला म्हणून हादरत नाही. आद्याक्षर चुकलं म्हणून. इतका नेटका खुनी, आणि असला गलथानपणा? मग कळतं, की जवळच्याच खुर्चीवर डाउन्स नावाचे मास्तर बसले होते, अंधारात गफलत झाली असणार. वाचकाला केवढं हायसं वाटतं! अर्ल्सफील्डच्या घरी काय झालं असेल, हे विचारायचं त्याच्या ध्यानातही येत नाही.