कवडी की शेंग

पुण्यात उजव्या पंजाच्या पाठीवर कवडी गोंदवून घेतली, तेव्हा टॅटूवाल्या पोरानं सांगितलेलं पथ्य मी मान डोलावत ऐकलं. दोन-तीन आठवडे ऊन नको, धूळ नको, धक्का नको. सौम्य साबणानं धुवायचं, पण पुसायचं नाही, टिपायचं. मलम अगदी नखभर. खपली ओढायची नाही. हे सगळं पाळायला तिसऱ्याच दिवशी मी येरमाळ्याला, येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला निघालो. आत्याला शब्द आधी दिला होता, कवडी नंतरची.

धाराशिवच्या स्टँडवर एसटीत उभं राहण्यापुरती जागा मिळाली. डाव्या हातात आत्याची पिशवी. उजव्यानं दांडा धरायची सोय नाही, म्हणून तो आशीर्वाद दिल्यासारखा अधांतरी धरला. पुढच्या बाईनं पोराला ढोसलं, "महाराजांच्या पाया पड." पोरगं पडलं.

येडशीपर्यंत तीन निदानं झाली. "भाजलं का?" "गांधीलमाशी चावली?" तिसऱ्यानं, एका म्हाताऱ्यानं, चष्मा सरकवून बराच वेळ पाहिलं. "शेंग हाय व्हय भुईमुगाची?"

"कवडी आहे, आजोबा."

"आसंल," म्हातारा शेंगेवर ठाम राहून म्हणाला. त्याची तरी काय चूक? हात सुजलेला, वर मलमाची चकाकी, कडेनं शाईमिश्रित लस. धाराशिव जिल्ह्याचं नाव तरी 2023 मध्ये बदललं. माझ्या हाताला ती सोय नाही. शाई कातडीच्या आतल्या थरात मुरते, ती तिथंच राहते. त्यातून हात सारखा उन्हात आणि पाण्यात, म्हणजे पुसट व्हायलाही हाच पहिला.

आत्याच्या हातावर तुळस आहे, साठेक वर्षांची. "आमच्या येळंला गोंदणारीण ओट्यावर बसायची. काजळ, सुया, वरून हळद. दुसऱ्या दिशी मी काढणीला."

"पिकलं नाही?"

"पिकलं की! ह्यो बघ." तुळशीच्या बुडाशी एक ठिपका शाईचा डाग पडावा तसा पसरला होता. "चौघी एकाच सुईवर गोंदलो."

आमच्या टॅटूवाल्या पोरानं सुई माझ्यासमोर पाकिटातून फोडली होती. जुनं ते सोनं वगैरे ठीक, पण सुई नवीच हवी.

यात्रेत गोंदणवाल्यांची रांगच होती. बॅटरीवरच्या मशीनची घरघर, फळ्यावर विंचू, बदाम, त्रिशूळ. एकानं माझा हात धंद्याच्या नजरेनं न्याहाळला. "किती घेतले?"

"तीन हजार."

त्यानं मशीन बंद केलं. मला बसायला स्टूल दिलं. "एवढ्यात तुमचं आख्खं खानदान गोंदलं असतं, साहेब."

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून आमराईकडे निघते आणि लाखो माणसं चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. सगळं जग इथं चुना वेचायला आलं होतं, मी पुण्याहून लावून घेऊन आलो होतो.

बाराचं ऊन. पावलापावलाला पांढरी धूळ. पंजाला गुंडाळलेला रुमाल गर्दीत कधीच गेलेला. आत्याचे गुडघे वाकेनात, म्हणाली, "तू वेच बाबा माझ्या वाटचं." मी डावा हात खाली घातला.

"देवीच्या कामाला डावा?"

"आत्या, डॉक्टरनं..." टॅटूवाल्याला बढती देऊन बघितली.

"त्याला सांग, येडाई बघून घेईल."

उजवा हात मातीत गेला. खडे वेचले, आत्यानं कपाळाला लावले आणि बाकीच्यांच्या ढिगात टाकले. हात वर काढला तर चुन्यानं पांढराफेक. सुजलेली, टम्म, मधली चीर तेवढी काळी.

शेजारून एसटीतला म्हातारा निघाला होता. थांबला, चष्मा सरकवला. "आरं, ही तर कवडी हाय!"

आत्यानं पाण्याची बाटली उघडली, साबणाची चिपटी काढली. पदरानं टिपलं, पुसलं नाही. बसमध्ये मी सांगितलेलं पथ्य ऐकत होती म्हणायची. म्हातारा बघत असतानाच कवडीची पुन्हा शेंग झाली.