कंबर गावाची, प्रश्नही गावाचाच हवा

‘वाकू नका, वजन उचलू नका, विश्रांती घ्या.’ चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यातल्या बाईच्या हातात हा छापील कागद देणाऱ्याने आधी पावसात उभे राहून धानाची एक बांधी रोवून दाखवावी. धानाचा रोवणा वाकूनच होतो. तेंदूपाने वाकूनच तुटतात, मोहफुले वाकूनच वेचली जातात. तिला वाकू नको म्हणणे म्हणजे जेवू नको म्हणणे.

दोष कागद देणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा नाही. हा सल्ला ज्या संशोधनातून निघतो, त्याने या बाईला कधी काही विचारलेच नाही. सांधा किती अंशांत वळतो हे मोजले. पण यंदा ती किती दिवस रोवण्याला जाऊ शकली, हे कोणी मोजले? तिच्या लेखी बरे होणे म्हणजे तेच.

विचारून काम करण्याची रीत आपल्याला बाहेरून आणायची नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत सुरुवातीलाच सिकलसेलचा अभ्यास केला. तो आजार लोकांच्या लेखी तातडीची गरज नव्हता. प्रश्न संशोधकाचा होता, हे बंग यांनी स्वतःच जाहीरपणे मांडले आहे. एवढे स्वच्छ बोलणारे संशोधक विरळा. पुढे ‘सर्च’च्या शोधग्राम या परिसरातला दवाखाना आदिवासींना विचारून, त्यांच्या वस्तीसारखा बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरी देवीचे नाव दिले. 2010 मध्ये दोन गावांत घरोघरी जाऊन पाठीच्या, कंबरेच्या आणि इतर दुखण्यांची पाहणी झाली. ती केली प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी.

कंबरेसारखाच दुसरा प्रश्न लकव्याचा, म्हणजे पक्षाघाताचा. 2011 ते 2013 या काळात गडचिरोलीच्या 86 गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास झाला. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात पहिला निघाला : 14.3 टक्के, म्हणजे साधारण दर सात मृत्यूंमागे एक. यातले बहुतेक मृत्यू घरीच झाले. जे वाचतात तेही घरीच पडून असतात. त्यांचा आखडलेला हात रोज कोण हलवणार? एटापल्ली, भामरागडच्या आतल्या गावातून व्यायामासाठी रोज शहर गाठणे कोणाला जमेल? ते काम शिकवायचे तर घरातल्या माणसाला आणि गावातल्या आरोग्यदूताला शिकवावे लागेल, माडियात, गोंडीत. गावातल्या बाया नवजात बाळांचे प्राण वाचवतात, हे याच जिल्ह्याने 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून जगाला दाखवले. त्यांना लकव्याचे व्यायाम शिकवता येणार नाहीत, असे म्हणणे मला पटत नाही. मात्र या कामाचे पैसे त्यांना मिळालेच पाहिजेत. फुकटच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या संशोधनाला लोकसहभाग म्हणू नये.

आणि प्रश्न ठरवण्याचे म्हणाल, तर गडचिरोलीच्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यासगट आहे आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. ज्या गावाने 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, त्याला आपल्या कंबरेचा प्रश्न नीट मांडता येईल की नाही, ही शंकाच अपमानाची आहे.

नागपूर-वर्ध्याच्या फिजिओथेरपी महाविद्यालयांना म्हणून सांगणे आहे : पुढचा प्रकल्प लिहायच्या आधी ग्रामसभेत बसा. काय मोजायचे ते गावाला ठरवू द्या, म्हाताऱ्यांना आणि अपंगांनाही त्या बैठकीत बोलवा. निष्कर्ष नियतकालिकाकडे धाडण्याआधी त्याच सभेत, त्यांच्या भाषेत वाचून दाखवा. आणि रोवण्याच्या दिवसांत या. तेव्हा कंबरा खरे बोलतात.