डोंगल कोनापाशी हाय?

(सेमाडोह. दोन घरांच्या मधातला कूड. अलीकडं वहिनी, पलीकडं काकू.)

— काकू, मोहफुलं वाळत राहू द्या, इकडं या जरासक. मोठ्यानं सांगन्यासारखं नाई.

— काहून व? कोनाची पोरगी पयाली?

— पोरगी नाई, इहीर पयाली! माह्या मायेरी, धारनीकडं. ग्रामसभेत बायाईनं हात वर करून इहीर मागतली. अन् भावानं मोबाइलात ग्रामपंचायतीचा आराखडा पाह्यला त पेव्हर ब्लॉक!

— अवो माय! टाकले कोनं?

— तेच त. इ-ग्रामस्वराज नावाच्या सरकारी पोर्टलात लॉगिन ज्याचं, काम त्याच्याच हातानं चढते. लॉगिन ग्रामसेवकाचं. आता त्याईले ग्रामपंचायत अधिकारी म्हना म्हनते. पासवर्ड मात्र कॉम्प्युटरवाल्या पोराले पाठ.

— पन सरपंचाची सही लागत असन ना?

— पैसा काढाले दोन डोंगल लागते, तेच सहीचं काम करते. एकानं बिल टाकाचं, दुसऱ्यानं पाहून मंजूर कराचं. गडबड होऊ नाई म्हनूनच त दोघं ठेवले. पन तिथल्या सरपंच बाईची डोंगलबी त्याच पोराच्या ड्रॉवरात, पिनची चिठ्ठी चिपकवून.

— म्हंजे दोन कुलपं अन् दोनी चाब्या एकाच खुटीले!

— अन् आपलं चिखलदरा-धारनी त पेसात. १९९६ चा आदिवासी भागाचा कायदा हाय काकू. गावाची योजना असो का प्रकल्प, ग्रामसभेच्या मंजुरीबिगर सुरूच करता येत नाई. २०१४ च्या नियमानं ढान्या-पाड्यालेबी आपली सोताची ग्रामसभा करता येते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतले ५ टक्के थेट पेसातल्या ग्रामपंचायतीले, तेबी कुठी खर्चाचे हे ग्रामसभेनं ठरवाचं.

— कायदा ग्रामसभेले इचारते, कॉम्प्युटर निसता पासवर्ड इचारते!

— ठरावाचा कागद जोडला तरी सभेत खरंच काय ठरलं, हे त्याले काय समजते? पन दिल्लीच्या मनात आलं का बरोबर अडवते बरं. २०२२ मंधी हुकूम निंगाला, रोहयोत एका ग्रामपंचायतीत एका वक्ताले २० च्या वर कामं चालू ठेवाची नाई. लोकं कामासाठी बोंबलले, पन मशीन वरचं काम घेईना. मंग सभेनं न मागतलेलं कामच तेवढं कसं आत घेते?

— तुह्या भावानं काई केलं का नाई?

— अर्ज देल्ला. साहेब म्हने, पुढच्या आराखड्यात पाहू.

— पुढच्या! तवरक ब्लॉकावर घागरी ठेवाच्या का काय? अन् आपल्या गावचं कसं पाहाचं?

— मेरी पंचायत नावाचं ॲप हाय. आराखडा पाहाले पासवर्ड लागत नाई. रेंज सापडली का दाखवतो तुमाले. अन् १ मेच्या ग्रामसभेत मी उभी राहून इचारतोच, डोंगल कोनापाशी हाय म्हून.

— एकटीनं उभी नोको राहू. मी येतो संगं.

— या न. पन रजिस्टरावर आंगठा देयाच्या आंधी वर काय लेयलं हाय, ते माह्याकून वाचून घेजा.