घरची फेलोशिप

पीएचडी करू इच्छिणाऱ्या होतकरू तरुण-तरुणींना आमचा एकच सल्ला आहे: विषय सावकाश ठरवा, आधी वडील ठरवा. विषय काय, पुढे बदलता येतो. विषय मंजूर करणाऱ्या आरआरसीच्या बैठकीत तज्ज्ञ मंडळी तो बदलतातच. ‘एक अभ्यास’ खोडून ‘एक चिकित्सक अभ्यास’ करतात आणि भत्त्याच्या कागदावर सही करून घरी जातात. वडील मात्र बदलून मिळत नाहीत. म्हणून जन्म घेण्याआधीच थोडी चौकशी करावी. वडील विद्यापीठात प्राध्यापक असतील तर उत्तम. आई महाविद्यालयात विभागप्रमुख असेल तर दुधात साखर. आणि सख्खा मामा एखाद्या अभ्यास मंडळावर असेल, तर ‘पेट’ या प्रवेशपरीक्षेची गाईडं रद्दीत घातली तरी हरकत नाही.

हा आमचा चावटपणा समजू नये. अमेरिकेत 2022 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या विद्यापीठांतल्या 7 हजारांहून अधिक प्राध्यापकांना त्यांच्या आईवडिलांचं शिक्षण विचारलं होतं. आई किंवा वडील पीएचडी असण्याचं प्रमाण या मंडळींत सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत 25 पटींपर्यंत जास्त निघालं. अमेरिका श्रीमंत देश, तिला असल्या पाहण्या परवडतात. आपल्याकडे विभागाच्या बोळातल्या दारांवरच्या पाट्या वाचत गेलं तरी काम भागतं. आडनाव तेच, फक्त आद्याक्षरं बदललेली.

देशात उच्च शिक्षण घेणारे 4 कोटी 33 लाख आणि त्यातले पीएचडी करणारे 2 लाख 13 हजार, असं 2021-22 ची सरकारी पाहणी सांगते. म्हणजे दोनशेत एक. हा एक कोण, हे परीक्षा ठरवते असा आपल्याकडे समज आहे. समज चांगला आहे, राहू द्यावा.

आता एका विद्यापीठातले दोन उमेदवार घेऊ. एक चिरंजीव, दुसरी कुमारी. नावं देत नाही, कारण प्रत्येक विभागात ती वेगळी असतात आणि माणसं तीच असतात. चिरंजीवांच्या घरात तीन प्राध्यापक. कुमारी केज तालुक्यातली, घरात तीन कोयते.

गाईड मिळवणं ही पहिली पायरी. नियमानं प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चारच विद्यार्थी असू शकतात. म्हणजे जागा रिकामी कुठे आणि कधी होणार, ही बातमी सोन्याच्या भावाची. विद्यापीठ ती संकेतस्थळावर टाकतं. तिथल्या यादीतले दोन गाईड निवृत्त झालेले असतात आणि एक वारलेले. चिरंजीवांना हीच बातमी आमटी वाढून घेताना कळते. ‘‘अरे, त्यांच्याकडच्या दोघांचे व्हायवा मार्चमध्ये होतायत. एप्रिलमध्ये जाऊन भेट. जाताना फाईल ने, आणि तो पर्यावरणाचा विषय काढू नकोस, त्यांची चिडचिड होते.’’ बस्स, झालं मार्गदर्शन. कुमारीनं अकरा गाईडना ईमेल केले. एकाचं उत्तर आलं, तेही ‘सर रजेवर आहेत’ असं यंत्रानं आपणहून धाडलेलं. मग ती स्वतःच येऊन विभागाच्या दाराशी उभी राहिली. शिपाईकाकांनी तिला तीन दिवसांनी विचारलं, ‘‘बाळ, कुणाकडं आलीस?’’ आजवर विद्यापीठात तिला कुणी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न.

पुढे तोंडी परीक्षा. नव्या नियमांत लेखीला 70 आणि तोंडीला 30 टक्के. लेखीत आसन क्रमांक दिसतो, तोंडीत माणूस दिसतो. माणूस दिसला की काय होतं, याचा शोध दिल्लीच्या जेएनयूनं 2016 मध्ये स्वतःच घेतला होता. प्रा. अब्दुल नाफे यांच्या समितीनं लेखीचे आणि तोंडीचे गुण शेजारी ठेवून पाहिले आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या बाबतीत दोहोंतलं अंतर भेदभावाकडे बोट दाखवतं, असं नोंदवलं. तोंडीचे 30 गुण 15 वर आणा, अशी शिफारसही केली. शिफारशींचं पुढे काय होतं, हे वाचकांना सांगायला नको.

आमच्या दोघांची तोंडी अशी झाली.

‘‘वडील काय करतात?’’

चिरंजीव नम्रपणे हसले. ‘‘सर, तुम्ही ओळखता त्यांना.’’

‘‘अरे, तू त्यांचा का! कसे आहेत? गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना?’’

संशोधन पद्धतीचा प्रश्न गुडघ्यावर निभावला. मग कुमारी आत गेली.

‘‘वडील काय करतात?’’

‘‘शेती, सर. आणि कारखाना सुरू झाला की तोडीला जातात.’’

‘‘शेती किती?’’

‘‘अडीच एकर.’’

‘‘बागायत?’’

‘‘कोरडवाहू.’’

‘‘मग हे पीएचडीचं कुठून डोक्यात आलं? बी.एड. करायचं होतंस. एव्हाना कुठंतरी चिकटली असतीस.’’

रात्रभर तिनं सॅम्पलिंग पाठ केलं होतं. ते कुणी विचारलंच नाही. तिचा विषय होता ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलींची शाळागळती. त्यावर एका तज्ज्ञांनी चष्मा पुसत शंका काढली, ‘‘विषय तुला फार जवळचा आहे. वस्तुनिष्ठता राहील का?’’ चिरंजीवांचा विषय ‘उच्च शिक्षणातील गुणवत्ता: एक चिकित्सक अभ्यास’. घरात तीन प्राध्यापक असूनही त्यांना तो जवळचा वाटेल, अशी भीती कुणालाही वाटली नाही.

तरी समजा, कुमारीला प्रवेश मिळाला. मिळतो अधूनमधून, नाहीतर यादी वाईट दिसते. आता फेलोशिपचा प्रश्न येतो, आणि आमच्या लेखाचा खरा विषयही.

फेलोशिप दोन प्रकारची असते. एक सरकारी, एक घरची. सरकारीत बार्टी, सारथी, महाज्योती अशा संस्था येतात. जेआरएफ काढली तर 2023 पासून महिना 37 हजार, पुढे 42 हजार. नेट नसेल आणि केंद्रीय विद्यापीठात असाल तर 8 हजार. हा आकडा 2012 पासून जागचा हललेला नाही, त्यामुळे तो आता परंपरेत मोडतो. बार्टी-सारथीसारख्या फेलोशिपसाठी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पडताळणी, संशोधन केंद्राची दरमहा हजेरी, गाईडची सही, गाईड गावाला गेले असतील तर ते परत येईपर्यंत धीर, सहामाही प्रगती अहवाल, आणि ‘मी कोठेही नोकरी करीत नाही’ असं स्टॅम्प पेपरवर शपथेवर लिहून द्यावं लागतं. एवढं झाल्यावर पैसे येतात. कधी येतात, हा वेगळा संशोधनविषय आहे. नोंदणीच्या तारखेपासून द्यायचे की निवडीच्या तारखेपासून, याचा निकाल लागावा म्हणून मुलं आझाद मैदानावर बसतात. तिथे बसलेल्या दिवसांची हजेरी केंद्रात लागत नाही, हे वेगळं सांगायला नको.

घरची फेलोशिप जन्मतारखेपासून लागू होते. घरभाडे भत्ता म्हणून कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट. आकस्मिक खर्चात लॅपटॉप, परिषदांची विमानं, आईनं पाठवलेले डिंकाचे लाडू. इंग्रजी शोधनिबंधाची भाषा सुधारून द्यायला काकू. मुदतवाढ आपोआप. चिरंजीवही कुठे नोकरी करत नाहीत. पण ते शपथेवर लिहून द्या, असं त्यांना आजवर एकाही बाबूनं म्हटलेलं नाही. उलट शेजारी कौतुक करतात: ‘‘संशोधनात आहे!’’ कुमारी नोकरी करत नाही, तर तिच्या गावात म्हणतात, ‘‘अजून शिकतीय. किती यत्ता उरल्यात कोण जाणे.’’

घरच्या फेलोशिपची खरी कमाल दिसते ती परीक्षा रद्द झाल्यावर. 24 डिसेंबर 2023 रोजी बार्टी, सारथी, महाज्योतीच्या फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा झाली आणि तिचा पेपर 2019 च्या सेटच्या पेपरशी जुळला. (संशोधकांच्या निवडीसाठी नक्कल केलेला पेपर! असलं विनोदी काही आमच्यासारख्यांना सुचत नाही, त्याला यंत्रणाच लागते.) 10 जानेवारी 2024 ला फेरपरीक्षा, तर प्रश्नपत्रिकांना सील नाही म्हणून मुलं बाहेर आली. त्याच वर्षी जूनपासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशाला धरायचं ठरलं. 18 जूनला देशभरात परीक्षा झाली, 9 लाखांवर उमेदवार, आणि 19 जूनला ती रद्द. नवी परीक्षा 21 ऑगस्टला सुरू झाली. मधले दोन महिने चिरंजीव थोडे निराश होते. आईनं त्यांना हवापालटासाठी मावशीकडे दापोलीला पाठवलं. कुमारीच्या खोलीचं भाडं त्या दोन महिन्यांतही महिन्याच्या महिन्याला लागत होतं. परीक्षेची फी पुन्हा घेतली नाही, हे मान्य. पण खोलीमालकाला नेट घेणाऱ्या एनटीएचं परिपत्रक लागू होत नाही.

नियमांचंही तसंच. 2018 मध्ये सांगितलं, विद्यापीठात असिस्टंट प्रोफेसर व्हायला 2021 पासून पीएचडी सक्तीची. सक्ती पुढे 2023 वर ढकलली. आणि जुलै 2023 आला तशी काढूनच टाकली. ज्याच्या घरी जेवण तयार असतं त्याला हा धोरणातला बदल वाटतो. ज्यानं पीएचडीच्या भरवशावर बहिणीचं लग्न लांबवलं त्याला काय वाटत असेल, त्यावर प्रबंध झालेला नाही.

आणि मग 2023 च्या हिवाळी अधिवेशनात, नागपुरात, ही मुलं पीएचडी करून काय दिवे लावणार, असा सवाल झाला. आम्हाला सवाल अतिशय आवडला. फक्त तो अर्ध्याच लोकांना विचारला, एवढीच आमची तक्रार आहे. फेलोशिप घेऊन दुचाकी घेणारे आहेत, काम न करता हजेरी लावणारे आहेत, उसना प्रबंध छापून घेणारेही आहेत. आम्ही काही आंधळे नाही. पण उसना प्रबंध घरच्या फेलोशिपवरही छापता येतो, आणि तिथे तो अधिक चांगल्या कागदावर छापतात. एकाच घरातले चार-पाच जण पीएचडीला लागलेत, अशीही ओरड ऐकू येते. प्राध्यापकाच्या घरात तीन पीएचडी झाल्या तर आपण त्याला विद्येची परंपरा म्हणतो आणि दिवाळी अंकात मुलाखत घेतो. ऊसतोडवाल्याच्या घरात दोन झाल्या की चौकशी लावतो.

वडील न निवडताही पीएचडी झालेली माणसं आहेत, हा आमच्या सिद्धान्ताला पडणारा छेद आम्हाला ठाऊक आहे. सर्वांत मोठं उदाहरण तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. 1913 साली बडोद्याच्या सयाजीरावांनी एका निवृत्त सुभेदाराच्या मुलाला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन तीन वर्षांसाठी कोलंबिया विद्यापीठात धाडलं. अटी तेव्हाही होत्या. परत येऊन दहा वर्षं संस्थानात चाकरी करायची. 1917 मध्ये मुदत संपली आणि लंडनमधलं काम अर्ध्यावर टाकून आंबेडकरांना परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला त्यांना सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवावे लागले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसनवारी झाली ती वेगळीच. डी.एससी. मिळायला 1923 उजाडलं. म्हणजे शिष्यवृत्तीची मुदत संपल्याचं पत्र हे काही आजच्या कारकुनांचं संशोधन नाही. फरक एवढाच, की त्या काळी शिष्यवृत्ती देणाऱ्याला दिव्यांचा हिशेब नको होता.

आज तो हवा आहे. मग सर्वांकडून घ्या, इतकंच आमचं म्हणणं. यासाठी ‘घरची फेलोशिप विनियोग प्रमाणपत्र’ असा एक नमुना आम्ही तयार केला आहे आणि तो शासनाला विनामोबदला द्यायला तयार आहोत. चिरंजीवांच्या वडिलांनी तो दर महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरून द्यायचा. जेवताना दिलेल्या मार्गदर्शनाचे तास, त्यातून वाचलेल्या चकरा, काकूंनी सुधारलेल्या पानांची संख्या, फ्लॅटचं बाजारभावानं भाडं आणि ओळखीतून मिळालेल्या गुणांचा अंदाज (जवळच्या पूर्णांकात) असे रकाने त्यात आहेत. लाडू वस्तुरूप साहाय्यात दाखवावेत. सोबत चिरंजीवांचं ‘मी घरात कोणतंही काम करीत नाही’ असं प्रतिज्ञापत्र. ते खरं असल्यानं नोटरीला अडचण यायची नाही. प्रमाणपत्रावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागेल, मामांची चालणार नाही. एखादा महिना चुकला तर त्या महिन्याचं जेवण पुढच्या आर्थिक वर्षात, निधी उपलब्ध झाल्यास. आणि शेवटच्या रकान्यात, ठळक अक्षरांत: अर्जदाराने आजवर कोणकोणते दिवे लावले? वीजबिलाची साक्षांकित झेरॉक्स जोडावी. बिल वडिलांच्या नावावर असल्यास अर्ज बाद.