बापूंची टिचकी

नीरेहून बारामतीकडे निघालात की निंबूत मागं पडल्यावर कुठल्याही चहाच्या टपरीवर बापू भेटतात. बापू एकच आहेत असं नव्हे. सोमेश्वरनगरच्या परिसरात प्रत्येक वाडीला एक नेमून दिलेला असतो. पांढरा पायजमा, टोपी, खांद्यावर टॉवेल आणि उजव्या हाताचं मधलं बोट कायम किंचित वाकलेलं. ते बोट टिचकीसाठी राखीव. कुणाला जुना ट्रॅक्टर घ्यायचा असो, जुनी बुलेट घ्यायची असो, नाहीतर बंद पडलेल्या हॉटेलातला फ्रीज. बापूंना गाडीत घालायचं आणि निघायचं.

बापूंनी स्वतः नवी वस्तू घेतल्याचं कुणाला आठवत नाही. पैशांची अडचण म्हणावी तर तसंही नाही. ऊस कारखान्याला जातो, बिल बँकेत पडतं, दिवाळीला सभासदाची साखर घरी येते. पण नव्या वस्तूला बापू लागत नाहीत, हीच खरी अडचण आहे. खोक्यावर किंमत छापलेली, हमीपत्रावर शिक्का मारलेला, दुकानदार आधीपासूनच हसतोय. तिथं टिचकी मारायची कुठं? खोड काढायची कशात? जुन्या वस्तूत मात्र मागच्या मालकाची सगळी पापं लपलेली असतात आणि ती चारचौघांत बाहेर काढणं यासारखं दुसरं सुख नाही. बैल बघायला गेले की आधी दात बघणार. ‘सहा दाती’ म्हणून सांगितलेला बैल जुळलेला निघाला की बापूंचा चेहरा असा खुलतो, की बैल विकणाऱ्यालाही क्षणभर आपण पुण्यकर्म केल्यासारखं वाटतं.

यंदा आखाडाच्या तोंडाला आमचा पुतण्या हिंजवडीहून आला तो डोक्यात खूळ घेऊनच. म्हणे, मटण आता पातेल्यात नाही करायचं. मंद धगीवर, धुरात, सात-आठ तास शिजवायचं. त्यासाठी एकतर नवा स्मोकर घ्यायचा, नाहीतर बाणेरला एक कुटुंब परदेशी निघालंय, त्यांचं वापरलेलं सिरॅमिकचं ‘अंडं’ निम्म्या किमतीत मिळतंय ते. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला. हिरवंगार, पोटुशा आकाराचं, वर झाकण. बापू तिथंच बसले होते, हे सांगायला नकोच.

“आरं, ह्यो तर रांजण हाय!”

रांजणच तो, फक्त फिरून आलेला. जपानमध्ये भात शिजवायची मातीची झाकणवाली चूल असते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं राहिलेल्या अमेरिकी सैनिकांनी ती पाहिली आणि मायदेशी नेली. पुढं 1974 साली अटलांटा शहरात एड फिशर नावाच्या गृहस्थानं तिचं दुकान मांडलं. हिरव्या अंड्याची कंपनी ती हीच. मातीची जागा नंतर जाड सिरॅमिकनं घेतली. बापूंना या इतिहासातलं एकच वाक्य भावलं: सैनिकांनी चूल वापरलेली बघितली, मग घेतली.

नव्या स्मोकरचीही चौकशी झाली, नाही असं नाही. त्यातला एक प्रकार विजेवर चालणारा. त्यात लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या घालायच्या. मोटर त्या थोड्या थोड्या आगीत ढकलते, पंखा वारा घालतो, आपण खुर्चीत बसायचं. पुतण्यानं नमुन्याची पुडी आणलीच होती. बापूंनी एक गोळी दाताखाली घेतली, थुंकली आणि निकाल दिला, “ही तर गोळीपेंड. म्हैस बी खायची न्हाई.” मग हळूच विचारलं, “आन् लाईट गेली तर?” पुतण्या गप्प. आमच्याकडं लाईट जाणार की नाही हा प्रश्नच नसतो, कधी जाणार एवढंच विचारायचं असतं. राहिला कोळशावरचा पत्र्याचा स्मोकर. तो स्वस्त, पण पातळ पत्रा वाऱ्यात तग धरत नाही, दर तासाला कोळसा मागतो आणि पावसात विसरला की गंजतो.

झालं, बाणेरला जायचं ठरलं.

फ्लॅटच्या गच्चीत मालक हाफपँट घालून उभे होते. सभ्य माणूस. त्यांनी ‘हॅलो’ म्हणेपर्यंत बापूंची अंड्याभोवती एक प्रदक्षिणा झालेली होती. मग टिचक्या. वर, खाली, पोटाला, झाकणाला. खणखणीत आवाज आला की मान हलवायची, बद्द आला की मालकाकडं बघायचं. इथं बापूंचं एक मानलं पाहिजे, टिचकी ही या वस्तूची खरी परीक्षाच आहे. सिरॅमिकला गंज चढत नाही, ते झिजत नाही. त्याचा शत्रू एकच, भेग. बाहेरच्या कवचाला भेग असेल तर फुकटसुद्धा आणू नये. आतल्या कोळशाच्या भांड्याला असेल तर भाव पाडावा, कारण ते बदलता येतं. काठावरची नमद्याची पट्टी जळते, बिजागरीची स्प्रिंग ढिली पडते, तेही किरकोळ. आणि हमी बहुतेक कंपन्या पहिल्या मालकापुरतीच देतात, ती आपल्याला मिळणार नाही हे धरूनच चालावं. बापूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण मडकी, कौलं आणि रांजण यांच्यावर एवढ्या वर्षांच्या टिचक्या वाया थोड्याच जातात?

“चालू करून दावा,” बापू म्हणाले.

मालकांनी कोळसा पेटवला, वर पेरूचं लाकूड टाकलं. आधी दाट पांढरा धूर आला. बापू शांत. ट्रॅक्टर सकाळी पहिल्यांदा चालू केला की असा मारतोच. थोड्या वेळानं धूर विरळ झाला आणि निळसर दिसू लागला. बापूंनी टोपी सरळ केली. उभी हयात ज्यांनी सायलेन्सरकडं बघून भाव ठरवले, त्यांना निळा धूर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. ऑइल जळतंय. इंजिन उघडावं लागणार.

“मालक, निळा मारतंय.”

मालक उलट खुशीत. “हाच तर हवा! पातळ निळा धूर म्हणजे आग स्वच्छ जळतेय. पांढऱ्यानं मटण कडू होतं.” आणि ते अगदी खरं होतं. पण बापूंनी अशी दयेची नजर टाकली, की त्या गृहस्थाला आपल्याच वस्तूबद्दल शंका यायला लागली. मग बापूंनी खांद्यावरचा टॉवेल काढला, मालकांचा हात त्याखाली घेतला आणि बोटं दाबायला सुरुवात केली. बैलबाजारात दलाल असाच भाव करतात, आजूबाजूच्याला पत्ता लागत नाही. बाणेरमध्ये मात्र हाफपँटीतल्या मालकालाही पत्ता लागला नाही. हात सोडवून घेण्यासाठी ते पाच हजारानं खाली आले.

सौदा तिथंच मिटला असता. पण बापूंना आतले ‘दात’ बघायचे होते. खालची आणि वरची हवा बंद करून मालक पाणी आणायला गेले, तेवढ्यात बापूंनी झाकण झटक्यात उघडलं. अशा वेळी आतल्या उपाशी आगीला एकदम हवा मिळते आणि ती उसळून बाहेर येते. म्हणून झाकण आधी बोटभर उचलून थांबायचं असतं. भप्पकन ज्वाळा आली. बापूंची उजवी भुवई गेली. आम्ही धावलो. बापू मात्र दोन पावलं मागं सरून कौतुकानं बघत होते.

“कॉम्प्रेशन चांगलं हाय. इसार द्या.”

मोठ्या आकाराचं अंडं 70 किलोंच्या पुढं भरतं. छोट्या हत्तीत गोधड्या अंथरल्या, अंडं मधोमध ठेवलं आणि दिवे घाट, सासवड, जेजुरी, नीरा असा सगळा रस्ता बापू मागं त्याला मिठी मारून बसले. पुतण्या म्हणाला, “बापू, पुढं बसा.” बापू म्हणाले, “फुटलं तर नाव माझं जाईल.” वस्तू पुतण्याची, पैसे पुतण्याचे, नाव बापूंचं.

या पारखण्या-घासाघिशीत आखाड संपला. अंडं अंगणात बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रावण लागला. करंज्याच्या सोमेश्वराची सोमवारची गर्दी सुरू झाली, घराघरांत मटणाची पातेली माळ्यावर गेली. मग काय, सात तास धुरात मटण करायला आणलेल्या त्या यंत्रात वांगी भाजली, कणसं भाजली, उपवासाची रताळी भाजली. भरीत मात्र असं झालं, की आमच्या वहिनींनी गॅसवर वांगं ठेवायचंच सोडलं. कोळसा किती लागतो? एकदा भरला की मंद आचेवर रात्रभर पुरतो. भिंत जाड असते, हवा दोन झडपांनी मोजून देता येते, उष्णता बाहेर जायला वाटच नसते. बापूंनी त्यातलं भरीत चाखलं नाही. त्यांचं काम सौद्यापाशी संपलं होतं, आणि ते फलटणला कुणाची तरी जुनी कडबाकुट्टी बघायला गेले होते.

तेव्हा तुम्ही विचारत असाल तर आमचा कौल असा: सिरॅमिकचं घ्यायचं तर वापरलेलं खुशाल घ्या, फक्त बाहेरच्या कवचाला भेग नको. पत्र्याचा स्मोकर मात्र नवाच घ्या, कारण गंज आतून लागतो आणि तो टिचकीला दाद देत नाही. बापूंना न्यायचं असेल तर आखाडाच्या महिनाभर आधी सांगून ठेवा, आणि झाकणाला त्यांचा हात लागू देऊ नका; डावी भुवई अजून शिल्लक आहे.