जीप नको, विंच द्या

जुनी जीप विकायला काढल्याची कुणकुण लागली की नाशकात फोन येतात ते जीपसाठी नाही, तिच्या नाकावरच्या विंचसाठी. आमची जीप सीजे-३बी. हिचं ‘हरिकेन’ इंजिन उंच, त्याला झाकायचं म्हणून बॉनेट उंच, आणि त्यामुळे चेहऱ्यावर कायम ‘पेट्रोल भरलंत का?’ असा भाव. पुढच्या बंपरवर बिडाचं एक धूड, त्यावर तारेचा दोर गुंडाळलेला. त्या धुडामुळे जीप पार्किंगच्या पांढऱ्या रेघेबाहेर हातभर येते आणि सोसायटीचे सेक्रेटरी दर सभेत तो हातभर विषय घेतात.

वडिलांनी जीप घेतली तेव्हाच विंच होती. विकणारा म्हणाला, मिलिटरीची आहे. तोफखान्याची शाळा देवळालीला आली, तेव्हापासून या जिल्ह्यात मिलिटरीची नसलेली जुनी जीप माझ्या तरी पाहण्यात नाही. हे सगळे दावे खरे धरले तर आपल्या तोफा जवानांनी हातानेच ओढल्या असणार.

ही विंच बॅटरीवर चालत नाही. ऑक्झिलरी गिअरबॉक्सच्या मागून ताकद घ्यायची, जीपच्या पोटाखालून शाफ्टने पुढे न्यायची, तिथे वर्म गिअर, मग ड्रम. ऑक्झिलरी न्यूट्रलला, गाडी पहिल्या गिअरमध्ये, क्लच हळू सोडला की चाकं जागेवर आणि दोर आत. दिंडोरीच्या बागायतदाराला हे एका वाक्यात कळतं: “म्हणजे ट्रॅक्टरचा पीटीओच की, आमचा फवारणीचा ब्लोअर त्याच्यावरच चालतो.” पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला समजवताना माझा चहा गार झाला, आणि शेवटी त्याने विचारलं, “रिमोट कुठंय?”

रिमोटवाली इलेक्ट्रिक विंच पूर्ण भाराला चारएकशे अँपिअर पिते आणि थोड्याच वेळात तिला विश्रांती लागते. आमची विंच पेट्रोल आहे तोवर दमत नाही. मात्र इंजिन बंद पडलं की तीही बंद. म्हणजे ओढ्यात जीपच्या इंजिनात पाणी शिरलं तर साऱ्या जगाला बाहेर काढू शकणारी ही वस्तू मालकाला तेवढी काढत नाही. आमच्या मंडळींनी हा मुद्दा फार वर्षांपूर्वी हेरला आहे.

नुसती विंच मागणाऱ्यांत एकजण थेट मंडी डबवालीचा होता. हरियाणातलं ते गाव जुन्या जीपांना नवा जन्म देण्यासाठी प्रसिद्ध. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मी खुर्चीत बसलो. पण विंच म्हणजे काही टपावरचं कॅरिअर नव्हे. ती काढायची तर शाफ्ट काढा, लिव्हर काढा, गिअरबॉक्सच्या भोकाला झाकण शोधा, आणि मग बंपरवरच्या रिकाम्या बोल्टांकडे बघत बसा. माझं मत पक्कं आहे: जीप द्यायची तर विंचसकट, ठेवायची तरी विंचसकट.

त्यात २०२१ चा व्हिंटेज वाहनांचा नियम. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली हवी, मग नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात. रोजच्या वापराला मात्र मनाई. वय आमच्या जीपकडे भरपूर आहे. प्रश्न मूळ स्वरूपाचा. एजंट म्हणाला, विंच काढा. मिस्त्री म्हणाला, विंच काढल्यावर मूळ राहिलं काय? ही आतून म्हणाली, “मूळ स्वरूपात तर तुम्हीही राहिला नाहीत.”

तसं पाहिलं तर आमच्या जिल्ह्यात दुसऱ्याच्या जोरावर वर येण्यात कमीपणा नाही. कसारा घाटात सदतीसला एक असा चढ आहे. भल्याभल्या गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय इगतपुरी दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यात सेक्रेटरींची नवी कोरी एसयूव्ही गिरणाऱ्याजवळ त्यांच्याच प्लॉटवर काळ्या मातीत दरवाजापर्यंत बसली. फोन आला, आवाजात हातभर विषय कुठेच नव्हता. मी गेलो. दोर बांधला, दोरावर सासूबाईंची गोधडी टाकली. शोभेसाठी नव्हे, दोर तुटलाच तर सपकन उडायच्या ऐवजी गोधडीच्या वजनाने खाली पडावा म्हणून. क्लच सोडला. विंच उत्तम चालली. फक्त एसयूव्ही जागेवर राहिली आणि माझी टनभराची जीप घसरत घसरत तिच्या भेटीला निघाली. सेक्रेटरी ओरडले, “उलटं होतंय!” विज्ञानाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, जो हलका तो ओढला जाणार.

मग जीपची शेपटी बाभळीला बांधली. आता मात्र ताण नेमका जागी आला आणि टणकन पिन तुटली. ही पिन तुटण्यासाठीच असते. ती मऊ लोखंडाची हवी, म्हणजे भार जास्त झाला की दोर आणि गिअर वाचतात. मिस्त्रीला हे पटत नाही. ‘कधीच तुटणार नाही’ असा बोल्ट घालून देतो, असं तो मला दरवर्षी प्रेमाने सांगतो. मी खिशातली दुसरी पिन घातली, कप्पी लावून दोर दुहेरी केला, आणि काळ्या मातीने एसयूव्ही अशा आवाजात सोडली की शेजारच्या बागेतले मजूर टाळ्या वाजवायला लागले.

परतताना सेक्रेटरी जीपमध्ये माझ्या शेजारी बसले. गोधडी मांडीवर, चिखलासकट. म्हणाले, “विकू नका हो ही. सोसायटीची शान आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात हजर.

“मेहुण्याचा टेम्पो अडकलाय, त्र्यंबक रोडला. तुम्ही फक्त या. डिझेल मी टाकतो.”

“पेट्रोलवर आहे.”

ते क्षणभर थांबले. “लिटरला किती देते?”

मी सांगितलं.

“मग राहू द्या,” ते म्हणाले, “ट्रॅक्टरवाल्यालाच बोलावतो. आणि तेवढी जीप जरा रेघेच्या आत घ्या.”