वेगवान बोटीचं ऑइल कधी बदलावं? (सोलापूरकर नवशिक्यांसाठी)

सोलापुरात राहून हाय परफॉर्मन्स बोट चालवू इच्छिणाऱ्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. असे लोक किती, याची चौकशी आम्ही मुद्दामच केली नाही. रत्नागिरीचा समुद्र सात-आठ तासांवर, कंबर तलावात जलपर्णी. पण निराश व्हायचं कारण नाही, उजनी आहे. १९८० साली पूर्ण झालेलं धरण, कागदावर नाव यशवंतसागर, पोटात ११७ टीएमसी पाणी. बोटीला एवढं पुरे.

साहित्य: बोट, इंजिन, ऑइल, फिल्टर, ऑइल ओढायचा हातपंप, जुनं धोतर किंवा त्याचे तुकडे, आणि एक वही. वही सगळ्यात महत्त्वाची, म्हणून ती कोणी घेत नाही.

पायरी पहिली. किलोमीटर विसरा. गाडीचं ऑइल पाच हजारांवर बदलायचं की दहा हजारांवर, हे ज्ञान पाण्यात कामाचं नाही. बोटीचं इंजिन तासांवर मोजतात. चार स्ट्रोकच्या साध्या आउटबोर्ड इंजिनाला सर्वसाधारण हिशेब असा: नवं असेल तर पहिली बदली २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते. तुम्ही म्हणाल, शंभर तास म्हणजे ताशी पन्नासने धरलं तरी पाच हजार किलोमीटर, झालं की गाडीइतकंच! नाही झालं. गाडी सिग्नलला थांबते, उतारावर मोकळी सुटते. बोटीला उतार नसतो. भरलेला ट्रक जन्मभर खंबाटकी चढतोय अशी कल्पना करा, तेही अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबून. म्हणूनच खास वेगासाठी बांधलेल्या इंजिनांना ५० तास, आणि शर्यतीच्या जातीची असतील तर २५ तासांचीच बोली. इंजिनासोबत आलेल्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तक खरं. आमचं ऐकू नका.

दोन स्ट्रोकचं इंजिन असणाऱ्यांनी इथेच थांबावं. तुमचं ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, बदलायला उरतच नाही. खालच्या गिअरचं तेवढं बघा आणि घरी जा.

पायरी दुसरी. दांडी ओढून बघा. इंजिन सपाट उभं, दांडी पुसून पुन्हा घातलेली, मग ओढलेली. ऑइल काळं दिसलं तर घाबरू नका, मळ धरून ठेवणं हेच त्याचं काम. पण दांडीवर दुधाळ, फेसाळ करडा थर दिसला, तर पाणी आत गेलंय. अशा वेळी ऑइल बदलून फक्त तुमच्या मनाचं समाधान होतं. आधी पाणी कुठून शिरलं ते मिस्त्रीने शोधायला हवं.

आणि ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं तर? नवशिके इथे खूश होतात. खूश उजनी वाढल्यावर व्हायचं, ऑइल वाढल्यावर नाही. रोहित पक्षी दाखवायला भिगवणकडे तासन्‌तास संथ बोट फिरवली, की धरणाच्या गार पाण्याने इंजिन पुरतं तापत नाही. न जळालेलं पेट्रोल पिस्टनच्या कडेने खाली उतरतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. वास घ्या, कळेल. ते ऑइल पातळ झालेलं असतं आणि बेअरिंगला सांभाळू शकत नाही. म्हणजे जोरात चालवलं तरी ऑइल लवकर बदला, हळू चालवलं तरी लवकर बदला. हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

थोडं थट्टा सोडून. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उजनीत उलटली आणि सहा जण गेले. मे महिन्यात दुपार कलली की या पाण्यावर वारा कसा सुटतो, ते काठच्या माणसांना विचारा. वाऱ्याची चाहूल लागल्यावर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू व्हायला पाहिजे, आणि लाइफ जॅकेट फळीखाली नाही, अंगात पाहिजे.

पायरी तिसरी, प्रत्यक्ष बदली. दहा मिनिटं इंजिन चालवून कोमट करा, म्हणजे ऑइल पातळ होऊन मळासकट निघतं. पुष्कळ बोटींत इंजिनाखाली भांडं सरकवायला जागाच नसते. म्हणून दांडीच्या भोकातून नळी खाली घालून पंपाने ऑइल वर ओढतात. फिल्टर बदला, नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑइल लावा, हाताने आवळा. पान्याने आवळण्याची खुमखुमी असेल तर ती दुसरीकडे काढा. ऑइल बोटीच्याच प्रतीचं घ्या. चार स्ट्रोकच्या डब्यावर एफसी-डब्ल्यू असं लिहिलेलं असतं, त्यात गंज न चढू देणारी द्रव्यं असतात. मोटारसायकलचं उरलेलं ऑइल ओतून बचत करणाऱ्यांना काय म्हणावं? काय बे, एवढंच म्हणावं.

निघालेल्या काळ्या ऑइलचं काय? कायद्याने तो घातक कचरा आहे, नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच द्यायचा. प्रत्यक्षात सेंट्रिंगच्या प्लेटांना लावायला ते मागणारा कोणीतरी उभाच असतो. पण ‘धरण केवढं, ऑइल केवढं’ असं म्हणून ते पाण्यात सोडणाऱ्या सोलापूरकराने एक मार्ग डोळ्यांपुढे आणावा. उजनीचं पाणी शंभराहून अधिक किलोमीटरच्या जलवाहिनीतून शहरात येतं. शिवाय भीमेत सोडलेलं पाणी पंढरपूर करून औज बंधाऱ्यात पोहोचतं, तिथूनही आपल्यालाच. म्हणजे चार-पाच दिवसांआड नळ आला की घागरीत तुमचंच ऑइल, तेही पाणीपट्टी भरून.

आता खरोखरच्या हाय परफॉर्मन्स बोटींबद्दल, कारण जिल्ह्यात ताकदवान इंजिन म्हणाल तर तीच. वाळूच्या सक्शन बोटी. भीमेच्या तळातून वाळू ओढायला यांवर दणकट डिझेल इंजिन बसवलेलं असतं आणि ते रात्रभर पूर्ण जोरात घोंगावतं. इतकं काम करणाऱ्या इंजिनाचं ऑइल किती तासांनी बदलावं, हा तांत्रिकदृष्ट्या रास्त प्रश्न आहे. उत्तर महसूल खात्याकडे. तहसीलदारांचं पथक येतं, बोट जिलेटिन लावून उडवली जाते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. तेव्हा या गटासाठी आमची शिफारस: ऑइलवर खर्च करूच नका, धंदा बदला.

शेवटची शंका बहुतेकांना उन्हाळ्यात येते. उजनी वजा गेली, २०२४ च्या जूनमध्ये जवळजवळ उणे ६० टक्क्यांवर गेली होती, तशी. पाणी मागे हटलं, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडलं, बोट चिखलात कलंडली. वहीत यंदाचे तास जेमतेम अकरा. मग बदली पुढच्या वर्षी केली तर चालेल का? नाही चालणार. ‘वर्षातून एकदा’ हे अशाच बोटीसाठी लिहिलेलं असतं. जुन्या ऑइलमधली आम्लं आणि ओल उभ्या इंजिनालाही आतून खातात. बदली तिथेच, कोरड्यात करा. मात्र भांडं नीट धरा. बोट ज्या जमिनीवर टेकली आहे ती एव्हाना कुणाचीतरी गाळपेर असेल, आणि आजूबाजूला चारा पेरून झालेला असेल. आधी त्या शेतकऱ्याला विचारा. तो बहुधा काळं ऑइलच मागेल.